फायनलच्या आधीची सव्वीस मिनिटं

"मुली ओळीत उभ्या राहणार नाहीत," चौगुले मॅडम म्हणाल्या.

प्राचार्य कुंभोजकर सरांच्या हातात कार्यक्रमपत्रिका होती. त्यांनी तिची घडी घातली आणि पुन्हा उघडली, जणू आत काही वेगळं छापलेलं निघेल.

"बाई, आज फायनल आहे. आप्पासाहेब येणार आहेत. नेहमीचाच कार्यक्रम. दोन्ही संघांची ओळख, हस्तांदोलन, नाणेफेक. यात नाही म्हणण्यासारखं काय आहे?"

"नेहमीचा आहे, म्हणूनच."

"सोमवारी मुलाखत आहे तुमची."

"माहीत आहे, सर."

"घेणार कोण, तेही माहीत आहे ना?"

मॅडम ग्राउंडकडं बघत होत्या. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, दुपारचे साडेतीन. विद्यापीठाच्या महिला फुटबॉल स्पर्धेची फायनल त्या वर्षी कोल्हापुरात, आमच्याच कॉलेजच्या ग्राउंडवर होती, आणि मांडववाले गोलपोस्टपेक्षा उंच कमान उभी करण्यात गुंतले होते.

मी तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते, विषय पदार्थविज्ञान. संघात राखीव गोलकीपर. तीन वर्षांत मी एकूण एक्केचाळीस मिनिटं खेळले होते. पण मॅडमनी मला दुसरं काम दिलं होतं. स्टॉपवॉच आणि वही माझ्याकडं असायची. कोण किती पळाली, कोणाचा पास कितव्यांदा चुकला, सगळं मी लिहायचे.

इंदुमती चौगुले हे नाव आमच्याकडं फुटबॉल बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. आठ वर्षांत पाच वेळा विद्यापीठाचा कप त्यांनी आणला होता. तरी कॉलेजात त्या तासिका तत्त्वावर होत्या. जूनमध्ये नेमणूक, एप्रिलमध्ये छुट्टी, असं अकरा वर्षं. त्या वर्षी क्रीडा संचालकाची कायम जागा मंजूर झाली होती. मुलाखत समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब, म्हणजे संस्थेचेच अध्यक्ष.

"कारण तरी सांगा," सर म्हणाले.

"मगदूम, वही आण."

मी आणली. गेल्या तीन आठवड्यांत मॅडमच्या सांगण्यावरून मी एक प्रयोग केला होता. चौदा मुली. पंधरा मिनिटं वॉर्म-अप, मग तीस मीटर पळायचं, मी वेळ घ्यायची. त्यानंतर सगळ्यांनी एका ओळीत गप्प उभं राहायचं, पाहुण्यांसमोर राहतात तसं. मग पुन्हा तीस मीटर. किती वेळ उभं राहायचं, तो आकडाही मोजूनच काढला होता. गेल्या वर्षी सेमीफायनलला एका नगरसेवकांचं स्वागत, फेटा, शाल, नारळ, रोप आणि मनोगत धरून सव्वीस मिनिटं लागली होती.

सर रसायनशास्त्राचे. त्यांनी आधी आलेखाचे अक्ष तपासले. "एककं लिहिलीयस. छान. म्हणजे उभं राहिल्यावर शून्य पूर्णांक एकतीस सेकंद जास्त लागतात?"

"सरासरी, सर. नऊ दिवसांची."

"मैदानावर त्याचं काय होतं?"

"जवळजवळ दोन मीटर मागं पडते मुलगी."

सरांनी क्षणभर विचार केला. "पण समोरच्याही उभ्याच असतात की. दोघी दोन-दोन मीटर मागं. हिशोब सारखाच."

"म्हणूनच म्हणते," मॅडम म्हणाल्या, "दोघींनाही उभं करू नका. सत्कार हाफ टाइमला घ्या. तेव्हा मुली बसून पाणी पितात, पाहुण्यांना माइक मोकळा असतो."

सरांनी आलेखाचं पान वहीतून अलगद फाडून घेतलं आणि खिशात ठेवलं. "आप्पासाहेबांना दाखवतो. आकडे आहेत म्हटल्यावर ऐकतील. मीही सांगेन."

सर गेले. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी माझ्या पाठीवर एक थाप मारली. तीन वर्षांतली पहिली.

चार वाजता वॉर्म-अप सुरू झाला. पलीकडच्या अर्ध्या ग्राउंडवर इचलकरंजीच्या मुली होत्या. त्यांचे कोच खाडे सर शिट्टी तोंडातून काढतच नव्हते. सव्वाचारला पांढऱ्या दोन गाड्या कमानीखाली आल्या. आप्पासाहेब उतरले, त्यांच्या मागून चौघे-पाच जण. सर लगबगीनं पुढं गेले आणि खिशातलं पान काढलं. लांबून ऐकू येत नव्हतं, पण आप्पासाहेबांनी मान डोलावलेली मला दिसली.

आमची कॅप्टन तस्लीम मुजावर माझ्या शेजारी पाय ताणत होती. "बघ, डुललं मुंडकं. शास्त्रज्ञ, तुझ्या वहीनं काम केलं गं."

तेवढ्यात ग्राउंडमन बाबूमामा मधल्या वर्तुळाशी आले. वॉर्म-अपमध्ये पुसलेली रेषा ते फक्कीनं पुन्हा मारत होते. मुठीतून पांढरी पूड सोडली की ती रेषेवर पडायच्या आधी तिरकी होऊन हातभर पूर्वेला जात होती. मामा वैतागले आणि अंगाचा आडोसा करून वाकले.

"काय मामा, वारं?"

"रोजचंच हाय. चारला पान हलत न्हाई, आन् साडेचार वाजायला आलं की सुटतंय. ह्या दिवसांत रोज."

मी फक्कीकडं बघत उभी राहिले.

माझ्या प्रयोगात पहिलं पळणं चारच्या सुमाराला व्हायचं. दुसरं साडेचार उलटून गेल्यावर. आणि नऊच्या नऊ दिवस मुली पूर्वेकडून पश्चिमेकडं पळाल्या होत्या, कारण शेवटची रेषा मी पश्चिमेच्या लिंबाखाली आखली होती. तिथं सावली होती. मला सावलीत बसून वेळ घेता यावा म्हणून. म्हणजे दुसऱ्या वेळी प्रत्येक मुलगी समोरच्या वाऱ्यात पळाली होती. ते एकतीस शतांश सेकंद उभं राहण्यानं गेले की वाऱ्यानं, हे माझी वही सांगू शकत नव्हती.

मी तस्लीमला सांगितलं. तिनं पाय खाली घेतला.

"कुणाला बोललीस?"

"तुलाच पहिलं."

"मग गप बस की. मॅच होऊ दे, मग सांग काय ते. उद्या सांग."

"अगं, पण ते चुकीचं आहे."

"चुकीचं हाय म्हणजे उभं राहून पाय गरम राहतात काय? तुला तरी पटतंय काय?"

"पटत नाही. पण मोजलेलंही नाही."

"देवा! हिला कुणी तरी गोलमध्ये उभी करा रे."

मी मॅडमकडं गेले. त्या खेळाडूंची यादी रेफ्रीकडं देऊन परत येत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं, लिंबाच्या सावलीसकट. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. चेहरा असा उतरला की मला त्यांचं ओरडणं परवडलं असतं.

"म्हणजे उभं राहण्यानं काही होतं की नाही, हे आपल्याला अजून माहीतच नाही?"

"वारा किती होता ते मोजलं नव्हतं, मॅडम. सांगता येत नाही."

"काहीच सांगता येत नाही?"

"नाही."

त्यांनी यादीची प्रत चार घड्या घालून मुठीत धरली. मला वाटलं, सोमवारचा विचार करत असतील. वहीच्या जोरावर त्या नाही म्हणाल्या होत्या आणि ती वही मी काढून घेतली होती.

"जा, सरांना सांग," त्या म्हणाल्या. "तुझ्याच तोंडानं सांग."

"आत्ता?"

"मग काय कप वाटल्यावर?"

सर मांडवात आप्पासाहेबांच्या मागच्या खुर्चीवर होते. मी वाकून सांगितलं. हळू सांगितलं, पण आप्पासाहेबांचे कान तीक्ष्ण होते. ते वळून हसले.

"वाऱ्यामुळं होय? कुंभोजकर, वाऱ्यावर कार्यक्रम थांबवायला निघाला होता काय? बाळ, खरं बोललीस, शाबास. जा, सगळ्या मुलींना ओळीत उभं करा म्हणावं. चला, सुरू करा."

सरांनी सुटकेचा श्वास सोडला. मला त्यांचा राग आला नाही. माझाच आला.

मी परत आले तेव्हा माइकवरून दोन्ही संघांना मध्यरेषेवर बोलावणं सुरू झालं होतं. आमच्या मुलींना कळलं होतं. कुणी माझ्याशी बोलेना. एकीनं विचारलं, "तू नक्की कुणाच्या टीमची गं?"

"आपल्याच," मॅडम म्हणाल्या. "चला, ओळीत. सगळ्या अठरा."

तस्लीमचा आवाज चढला. "मॅडम, उभं राहायचं?"

"ओळीत जायचंय. पाय बंद करायला कुणी सांगितलंय? जागच्या जागी पळत राहा. गुडघे वर. पाहुणे आले की हात पुढं करा, नमस्कार म्हणा, हसा. पाय थांबवायचे नाहीत."

"आणि सोमवार?" हे मी विचारलं. कसं विचारलं कोण जाणे.

"सोमवार सोमवारी."

आम्ही ओळीत गेलो. शेजारी इचलकरंजीच्या मुली हात मागं बांधून ताठ उभ्या होत्या. आम्ही अठराजणी जागच्या जागी पळत होतो. बुटांचा थप थप आवाज माइकवरच्या स्वागतात मिसळायला लागला. सूत्रसंचालकांनी दोनदा थांबून आमच्याकडं बघितलं. स्टँडमध्ये आधी हशा झाला, मग शिट्ट्या. "ए, स्टेशन आलं काय गं?" कुणीतरी ओरडलं. तस्लीम पळता पळता ओरडली, "न्हाई, अजून मनोगत बाकी हाय!"

आणि मला, त्या सगळ्यात, एक वेडा आनंद झाला. एक संघ पळतोय, एक उभा आहे. वारा दोघांना सारखा. ग्राउंड एकच, वेळ एकच. इतकी स्वच्छ तुलना मला तीन आठवड्यांत जमली नव्हती. मी पळता पळता खिशातलं स्टॉपवॉच दाबलं.

सातव्या मिनिटाला इचलकरंजीची कॅप्टन, उंच प्रणोती, आमच्याकडं वाकून बघायला लागली. आठव्या मिनिटाला तिनं एक टाच उचलली. मग दुसरी. खाडे सर रेषेबाहेरून गरजले, "प्रणोती! सरळ!" ती सरळ झाली, आणि सरळ राहूनच पळायला लागली. तिच्या शेजारची पळायला लागली. मग तिच्या शेजारची. अर्ध्या मिनिटात मध्यरेषेवर छत्तीस मुली जागच्या जागी पळत होत्या. माझा प्रयोग तिथंच मोडला.

मी मॅडमकडं बघितलं. त्यांच्या हातातला फायदा गेला होता. आता दोन्ही संघ सारखे गरम. त्या टाळ्या वाजवत होत्या. इचलकरंजीच्या बाजूला तोंड करून.

आप्पासाहेब हस्तांदोलनाला आले. वर-खाली होणाऱ्या मुलीचा हात धरणं सोपं नसतं. पहिल्या दोघींचे हात त्यांच्या बोटांतून निसटले. तिसरीचा धरला तर त्यांचाच खांदा वर-खाली व्हायला लागला आणि फेट्याचा शेमला नाकावर आला. स्टँडमध्ये लोक हसून हसून लोटपोट झाले. आप्पासाहेब चौथ्या मुलीपाशी थांबले, दोन्ही हात जोडले आणि उरलेल्या बत्तीसजणींना लांबूनच नमस्कार करून मांडवात गेले. सगळं मिळून अठरा मिनिटांत आटोपलं. मनोगत झालंच नाही.

हाफ टाइमला गोल नव्हता. सर आमच्या बाकाशी आले, घामाघूम.

"बाई, फार झालं हो. फार चिडलेत. मी पायाशी बसून एक तोड काढलीय. बक्षीस समारंभात माइकवर यायचं, दोन वाक्यांत माफी मागायची. सगळ्यांसमोर. मग झालं गेलं विसरायचं, सोमवार कायम. नाही तर..." त्यांनी हात हवेत उडवला. "अकरा वर्षं आहेत बाई तुमची. दोन वाक्यांनी काही झिजत नाही."

मॅडम बाटलीचं झाकण लावत होत्या. "मागते माफी."

"नक्की?"

"नक्की. माइक द्या फक्त."

सर गेले. तस्लीमनं बूट जमिनीवर आपटला. "मॅडम, मग आम्ही कशाला पळालो?"

"त्यांची आठ नंबर उजवीकडनं आत येतेय. तिच्याकडं बघ," मॅडम म्हणाल्या.

आम्ही हरलो. एकसष्टाव्या मिनिटाला प्रणोतीनं आमच्या दोन बॅकना मागं टाकून गोल केला. तिच्या पायांत शेवटपर्यंत जोर होता. एक-शून्य. मी वहीत लिहिलं: दोन्ही बाजूंना एकाही मुलीचा स्नायू दुखावला नाही. एका मॅचवरून काही सिद्ध होत नाही, हेही त्याखाली लिहिलं.

बक्षीस द्यायला उठताना आप्पासाहेब माइकवरच म्हणाले, "पळून पळून काय मिळालं म्हणायचं?" मांडवातले लोक हसले. मग त्यांनी कप इचलकरंजीला दिला, आणि सूत्रसंचालकांनी जाहीर केलं की चौगुले मॅडम दोन शब्द बोलतील.

मॅडम माइकपाशी गेल्या. माइक त्यांच्यापेक्षा उंच होता. त्यांनी तो खाली केला नाही, स्टँडवरून काढून हातात घेतला.

"मला माफी मागायला सांगितलंय. मागते," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षांपूर्वी, कोच म्हणून माझी पहिली फायनल. ह्याच ग्राउंडवर. पाहुण्यांना उशीर झाला होता. मुली वॉर्म-अप करून तयार होत्या. मी त्यांना ओळीत उभं केलं आणि सांगितलं, पाहुणे येईपर्यंत हलायचं नाही. चाळीस मिनिटं त्या हलल्या नाहीत. मॅच सुरू झाली आणि तिसऱ्या मिनिटाला आमच्या नंदा आबिटकरच्या मांडीचा स्नायू फाटला. तिला उचलून बाहेर आणलं तेव्हा मी सगळ्यांसमोर तिला म्हणाले, तू वॉर्म-अप चोरलास. ती रडली. नंतर ग्राउंडवर आली नाही. परत कधीच खेळली नाही."

सर खाली बघत होते.

"तिनं चोरला नव्हता. मी स्वतः बघत होते. तरी बोलले, कारण पाहुण्यांना काही बोलता येत नव्हतं आणि कुणाला तरी बोलायचं होतं. उभं राहण्यानंच ते झालं की नाही, मला अजून नक्की माहीत नाही. आमची मगदूम म्हणते, नीट मोजावं लागेल. मोजू. पण माझं बोलणं खोटं होतं, ते मोजायची गरज नाही. नंदाची मी माफी मागते. आणि गेल्या अकरा वर्षांत ज्या ज्या मुलींना मी गप्प उभं केलं, त्या सगळ्यांची. इचलकरंजीच्या सुद्धा." त्या थांबल्या. "दोन वाक्यांत बसलं नाही, त्याबद्दल प्रिन्सिपल सरांची माफी. पाहुण्यांची माफी मागण्यासारखं आज मी काही केलेलं नाही."

त्यांनी माइक परत स्टँडवर लावला.

मी वही छातीशी धरून उभी होते. वाऱ्याचं सांगितल्यावर त्यांचा चेहरा का उतरला होता, ते मला तेव्हा कळलं. सोमवारचा त्यात संबंध नव्हता. तीन आठवडे त्या माझ्याकडून स्वतःवरचा आरोप तपासून घेत होत्या.

सोमवारची मुलाखत सात मिनिटांत संपली. ती जागा दुसऱ्याला मिळाली. जुलैत मॅडमना इचलकरंजीच्या कॉलेजनं बोलावून घेतलं. खाडे सर निवृत्त होत होते आणि त्यांनीच नाव सुचवलं होतं. पुढच्या नऊ वर्षांत मॅडमनी तिथं सात कप नेले, त्यातले चार आमच्या कॉलेजला हरवून. मी एमएस्सीच्या पहिल्या वर्षी तो प्रयोग पुन्हा केला, दोन्ही दिशांनी पळवून, वारा मोजून. फरक निघाला, पण पहिल्या आकड्याच्या अर्ध्याहून थोडाच जास्त उरला. मी मॅडमना आकडे पाठवले. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "खरे आहेत ना आता?" एवढंच विचारलं आणि हो म्हटल्यावर म्हणाल्या, "बरं. मी गारगोटीला जाऊन येते. नंदा तिथं असते."

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी माइक मोकळा होता. आप्पासाहेब अर्धे उठून पुन्हा बसले. स्टँडमधून टाळी यायला लागली, एक, मग चार, मग सगळीकडून, आणि थांबेना. सूत्रसंचालकांना पत्रिकेत शेवटची ओळ सापडली असावी. त्यांनी घाईघाईनं जाहीर केलं, "यानंतर राष्ट्रगीत."

आप्पासाहेब उठले. मांडव उठला. मॅडम आमच्या ओळीत येऊन उभ्या राहिल्या, तस्लीम आणि माझ्या मध्ये. पलीकडं प्रणोतीनं कप खाली गवतावर ठेवला. त्या दिवशी ग्राउंडवरच्या छत्तीसही मुली पहिल्यांदाच एकत्र पूर्ण स्थिर उभ्या राहिल्या. बावन्न सेकंद.